तारामतीनं पाहिलेला कसोटी सामना

क्रिकेट ही तारामतीची सवत. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

त्याला कारणही तसंच होतं. एकोणसत्तरच्या मार्गशीर्षात कोरेगाव तालुक्यातल्या तिच्या गावी लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या वेळेला नवरदेव गायब. वऱ्हाडी मंडळी विहिरीपर्यंत जाऊन डोकावून आली. शेवटी सर्जेराव सापडले ते सरपंचाच्या पडवीत. मुंडावळ्या कानामागे सारून रेडिओला चिकटून बसले होते. कलकत्त्याला कसोटी चालली होती. पुढं त्र्याहत्तरच्या जानेवारीत साताऱ्याच्या दवाखान्यात गिरिजा जन्मली. नर्स बातमी घेऊन बाहेर आली, तर फौजेतून सुट्टीवर आलेल्या बापानं ट्रान्झिस्टर कानावरून न काढता तिला हातानं खूण केली: थांबा, एवढी ओव्हर होऊ द्या.

"तवाच म्हनलं, ही सवत काय जायाची न्हाई," तारामती सांगायची. "मानसासारखं मानूस असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या."

गंमत अशी, की या वेड्या माणसानं उभ्या जन्मात एकही कसोटी सामना मैदानावर बसून पाहिला नव्हता. जिथं सामना तिथं बदली नाही, आणि जिथं बदली तिथं नुसते डोंगर नाहीतर बर्फ. शिपायाचा सुभेदार झाला, कानशिलावरचे केस पिकले, तरी क्रिकेट त्याला फक्त ऐकूनच ठाऊक. शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर जयपूरच्या छावणीत खबर आली, की पुढल्या फेब्रुवारीत पाकिस्तानचा संघ येतोय आणि जयपुरात पहिल्यांदाच कसोटी सामना होणार. त्या दिवशी सर्जेराव क्वार्टरच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी बायकोला सलाम ठोकला. "सुभेदारीनबाई, सामना आपल्या दारी आला!"

तारामती म्हणाली, "दारी आला तर चपला भाईर काढाय सांगा."

नोव्हेंबरात पलटणीला हुकूम आला. सरहद्दीकडे वाळवंटात मोठा सराव होता. किती दिवसांचा ते कुणी सांगितलं नाही. सर्जेरावांनी होल्डॉल बांधला, ट्रान्झिस्टर त्यात दोन स्वेटरांच्या मध्ये नीट निजवला, आणि ट्रकवर चढता चढता गिरिजाला सांगितलं, "पहिल्या दिवसाचा पेपर जपून ठेव." गिरिजाला चौदावं चालू, केंद्रीय विद्यालयात आठवीत. बापाच्या वेडाची तीच एक वारस. ट्रक गेला तेव्हा माय रडली नाही, लेकच रडली, आणि तीही बापासाठी की सामन्यासाठी ते नक्की सांगता आलं नसतं.

आता तारामतीबद्दल एक सांगायला हवं. बाई सातवी शिकलेली, अंगानं उंच, आवाजानं त्याहून उंच. तिनं क्वार्टरांच्या लाइनीच्या एका टोकाला भाजीवाल्याला हाक मारली, की दुसऱ्या टोकाचा भाजीवाला थांबायचा. पलटणीतल्या कोवळ्या कोवळ्या सुना, कुणी पाटणची, कुणी कागलची, कुणी बेळगावकडची, पहिल्यांदाच मुलूख सोडून आलेल्या. हिंदी धड येत नाही, बाजरीची भाकरी इथं मिळते म्हणून तेवढाच धीर. त्या सगळ्यांची तारावैनी ही सासू, माय आणि हवालदार मेजर, सगळं एकटीच. शेजारच्या क्वार्टरमधली रत्नमाला तर तिच्याच स्वयंपाकघरात असायची. नाईक हिंदुरावाची बायको, वय वीस, लग्नाला आठ महिने. नवरा ट्रकवर चढल्यापासून तिच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं, आणि रात्री झोपायलाही ती तारामतीकडंच यायची.

"रडायचंच हाय ना? मग ही घे सुरी, कांदं चिर," तारामती म्हणायची. "एका पान्यात दोन कामं हुत्यात."

जानेवारी लागला आणि हवा बदलली. ज्यांना सुट्ट्या मिळाल्या होत्या त्यांच्या रद्द झाल्या. स्टेशनावर फौजी गाड्या रांगेनं उभ्या राहू लागल्या. पत्रं येईनाशी झाली. पेपरात रोज मोठमोठी अक्षरं, आणि दूधवाला लादूराम रोज नवी अफवा दुधात घालून आणायचा. तारामती कुणाशी फार बोलली नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात बावीस दिवस तिला नवऱ्याचा पत्ता नव्हता. जिवंत आहे की नाही, हे तेविसाव्या दिवशी एका कार्डावर कळलं होतं. ते बावीस दिवस तिनं कधी कुणाला सांगितले नाहीत. तिनं नुसतं रॉकेल भरून ठेवलं, पिठाचा डबा भरला, आणि खिडक्यांच्या काचांना खळीनं खाकी कागद चिकटवले. तिचं बघून रत्नमालेनं चिकटवले, मग तिच्या शेजारणीनं. दोन दिवसांत अख्ख्या लाइनीचे डोळे मिटले. भर दुपारीही घरात सांज झाल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बातमी आली, की दोन्हीकडचे साहेब लोक बोलतायत, फौजा मागं घ्यायचं ठरतंय. तारामतीनं ऐकलं आणि कागद तसेच ठेवले. साहेब लोकांच्या बोलण्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता.

आणि मग एका सकाळी लादूरामनं दाराशी सायकल टेकवली, तारामतीच्या भांड्यात दूध घातलं, रिकामं माप हातात तसंच धरलं आणि म्हणाला, "भाभीजी, सुना आपने? पाकिस्तान का सदर आ रहा है. जयपुर. मैच देखने!"

"काय बघायला?"

"मैच, भाभीजी! क्रिकेट!"

सदर म्हणजे तिकडचा राष्ट्राध्यक्ष, हे तारामतीला रेडिओवरनं ठाऊक होतं. भांडं हातात वाकडं झालं, अर्धा लिटर दूध उंबऱ्यावरून ओघळत तुळशीपाशी गेलं, तरी तिला भान नाही. आधी तिला राग आला. मग ती हसायला लागली. साधं हसणं नव्हे ते. दाराची चौकट धरून, पदर तोंडात कोंबून, बसकण मारून हसणं. रत्नमाला धावत आली. "वैनी, काय झालं? वैनी!"

"अगं, लढाया न्हाई येत त्यो! म्याच बघाया येतोय! आपली मानसं तीन म्हैनं वाळूत तोंड काळं करून बसल्याती, आन ह्यो चाललाय म्याच बघाया!"

रत्नमालेला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती पण बसली. मग समोरची आली, मग कागलची आली. लादूरामचं दूध त्या दिवशी कुणालाच वेळेवर मिळालं नाही. तेवढ्यात कोण जाणे कुणी सुरुवात केली, पण बायकांनी खिडक्यांवरचे कागद ओढायला सुरुवात केली. टराटरा! एकीनं टोक धरायचं, दुसरीनं खेचायचं. कागद फाटला की हशा, अख्खा निघाला की टाळ्या. गिरिजा शाळेतून आली तर लाइनीत सगळीकडे खाकी चिटोऱ्या उडत होत्या, आणि तिची आई, जिला तिनं तीन महिने दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं, ती काचेवरची खळ नखानं खरवडत गाणं म्हणत होती.

"आई, मतलब, हुआ क्या?"

"काय न्हाई. उजेड आला."

पलटणीच्या महिला केंद्रात मेमसाहेबांनी सांगितलं, की दुसऱ्या दिवसाच्या खेळाचे तीस पास मिळालेत, एका पासावर एक बाई आणि एक लेकरू. बायका दीडशे. चिठ्ठ्या टाकल्या. ज्या मुली हात जोडून बसल्या होत्या त्यांच्या निघाल्या नाहीत. तारामतीचं नाव तिसऱ्याच चिठ्ठीला निघालं.

"मी न्हाई जायाची सवतीच्या घरी," ती तिथंच म्हणाली. "कुनाला पायजे त्यानं घ्या."

गिरिजाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी तिच्या बापाला विकलं. "आई! बाबा असते तर रांगत रांगत गेले असते!"

त्यावर तारामतीनं पास उचलला आणि घरची वाट धरली. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊ. पन म्याच बघाया न्हाई. त्या मानसाला बघाया. ज्याच्यापायी माझ्या घरात म्हैनाभर अंधार हुता, त्यो दिसतो तरी कसा, ते बघायचंय मला."

बावीस फेब्रुवारी, रविवार. सकाळी थंडी होती. रत्नमालेचीही चिठ्ठी निघाली होती. तीस बायका, प्रत्येकीबरोबर एक लेकरू, दोन फौजी ट्रकांत कोंबून निघाल्या. ट्रकावर चढायला शिडी लावली होती, तरी एकीची टाच दुसरीच्या निऱ्यांवर आणि हसण्यानं हात सुटत होते. अजमेर रोडला जागोजागी पोलीस. गच्च्यांवर माणसं, झाडांवर माणसं. ट्रक दिसला की माणसं हात हलवायची, आणि या बायकाही राजघराण्यातल्या असल्यासारख्या उलट हात हलवायच्या.

स्टेडियमच्या दारात पोलिसानं तारामतीचा डबा उघडला. आत भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. लालभडक, कोरडी, कुटलेली. त्यानं वाकून वास घेतला.

"यह क्या है, माताजी?"

"चटणी."

"बारूद जैसी लगती है," तो म्हणाला, आणि त्याला जी शिंक आली ती थांबेचना. सात शिंका मोजल्या रत्नमालेनं. आठव्या शिंकेला त्यानं डोळे पुसत हातानंच सगळ्या रांगेला आत जायची खूण केली. मागच्या वीस जणींचे डबे कुणी उघडून पाहिलेच नाहीत.

आत गेल्यावर मात्र तारामती थबकली. एवढं हिरवं तिनं जयपुरात आल्यापासून पाहिलंच नव्हतं. आणि एवढी माणसं तर जन्मात नाहीत. आभाळ निळंभोर, त्याखाली हजारो डोकी, आणि मधोमध त्या हिरव्या गालिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली दहा-पंधरा माणसं, इतकी लहान दिसत होती की चिमटीत धरावीत. भारताची फलंदाजी चालू होती.

"ही एवढीच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी माझ्या लग्नाची पंगत खोळंबली?"

गिरिजा समजावून सांगायला लागली. हा बॉलर, ही स्लिप, हा मिडऑफ. तारामतीनं दोन षटकं मनापासून ऐकलं. मग विचारलं, "ते दोघं काठी घिऊन हुबं हायती, ते आपलं. बाकीचे समदे त्येंचे?"

"हो."

"म्हंजे दोन इरुद्ध अकरा?"

"हो, पण, मतलब..."

"मग आपलं दोघं लई बहाद्दर की गं!" असं म्हणून तिनं जी आरोळी ठोकली, "मारा, बाळांनो!", ती ऐकून पुढच्या चार रांगा एकदम मागं वळल्या. एका म्हाताऱ्या सरदारजीनं टाळी वाजवली.

थोड्या वेळानं पलीकडच्या मोठ्या मंडपात एकदम गडबड उडाली. तिथली माणसं उभी राहिली, छायाचित्रकार पळाले, आणि गर्दीतून भरतीच्या लाटेसारखा आवाज फिरत फिरत आला: आले, आले! तारामती बाकावर चढली. रत्नमाला तिच्या खांद्याचा आधार घेऊन चढली.

"कुठला? कुठला?"

"त्यो बगा वैनी, काळ्या कोटातला."

"अगं, त्यो पानी घिऊन चाललाय."

"आई, वो नहीं, डावीकडे! मिश्यावाला!"

"तिथं सात मिश्यावालं हायती!"

पाच मिनिटं तिघींनी तिघा वेगवेगळ्या माणसांकडे बोट दाखवलं. तेवढ्यात कुणीतरी मागून ओरडलं, "बैठ जाओ, माताजी!", आणि तारामतीला खाली बसावं लागलं. ज्याला बघायला ती आली होती त्याला तिनं पाहिलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं एका माणसाला मनातल्या मनात चांगलं खडसावलं एवढं खरं. पण तो नेमका कोण होता, देव जाणे.

जेवणाची सुट्टी झाली. खेळाडू आत जायला लागले.

"संपलं?" तारामतीनं पदर खोचला.

"नाही गं, लंच. जेवायला गेले."

"पावनं इतक्या लांबनं बलावल्यात आन हे जेवाया गेलं?"

शेजारी कुणीतरी हसलं. तारामतीनं वळून पाहिलं. साठीची एक बाई बसली होती, गोरीपान, डोक्यावर पांढरी ओढणी, डोळ्यांवर जाड चष्मा. बरोबरचा तरुण भाचा कचोऱ्या आणायला गेला होता. बाई चटणीकडे कौतुकानं बघत होती.

"बहन, यह लाल-लाल क्या खा रही हो?"

तारामतीनं अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर चटणीची चिमूट ठेवली आणि पुढं केली. खाऊ घालायच्या बाबतीत ती ओळख होईपर्यंत थांबत नसे. बाईनं घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाली, "या अल्लाह. और दो."

अशी ओळख झाली. बाईचं नाव मुनव्वर. जन्म इथलाच, घाटगेटचा. लहानपणी याच गावच्या गल्ल्यांत गट्टे म्हणजे सागरगोटे खेळली, तीजेचा सण पाहिला.

"अब कहाँ रहती हो?" तारामतीनं विचारलं.

"कराची."

तारामतीचा हात भाकरीवर थांबला. गिरिजानं कोपर ढोसलं. "आई, पाकिस्तान!" जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. रत्नमाला तर इंचभर बाजूला सरकली, आणि मग तिचं तिलाच कसंसं वाटून परत जवळ सरकली.

मुनव्वर भाचीच्या लग्नाला डिसेंबरात आली होती. लग्न झालं, आणि परत निघायच्या वेळेलाच सगळं पेटलं. महिनाभर ती बहिणीच्या घरी बसून होती. सरहद्द बंद झाली तर जायचं कसं, ही काळजी. आणि दुसरी काळजी त्याहून मोठी. "मेरा दामाद फ़ौज में है," ती हळूच म्हणाली. "तीन महीने से रेत में बैठा है. बेटी को आठवाँ महीना लगा है."

तारामतीला सर्जेराव सांगून गेले होते. कुठं आहे, कशासाठी आहे, कुणाजवळ बोलायचं नाही. सतरा वर्षांत ती कधी बोललीही नव्हती. आताही पलटणीचं नाव, नवऱ्याचं नाव, काही सांगितलं नाही. पण या बाईनं एवढं सांगितल्यावर आपण दगडासारखं बसणं तिला जमेना. ती दोनच शब्द बोलली.

"मेरा भी."

मुनव्वरनं चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. मग रत्नमालेकडे. रत्नमालेनं मान खाली घालून बोट स्वतःकडे केलं. मैदानावर माळी रेघा मारत होता.

"तो इस वक़्त," मुनव्वर सावकाश म्हणाली, "वो लोग क्या कर रहे होंगे?"

तारामतीनं विचार केला. वाळू आठवली, होल्डॉल आठवला, दोन स्वेटरांच्या मध्ये निजवलेला ट्रान्झिस्टर आठवला. "क्या करेंगे? रेडिओ सुनते होंगे."

"हमारा भी!" मुनव्वर एकदम म्हणाली. "मुआ क्रिकेट का दीवाना है!"

"हमारा भी!"

"दोनों... आमने-सामने..."

"एकच म्याच!"

आणि चौघींचा बांध फुटला. अशी हसली मुनव्वर, की चष्मा उडून पुढच्या बाकावर पडला. तारामती तिच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होती. रत्नमालेला उचकी लागली. बंदुका समोरासमोर, आणि दोन्हीकडे कानाला रेडिओ! इकडची विकेट पडली की तिकडचा उडी मारत असेल, तिकडचा झेल सुटला की इकडचा. आणि उडी मारली की दोघांचेही साहेब ओरडत असतील, डोकं खाली घाल! एक थांबली की दुसरी नुसतं "आमने-सामने" म्हणायची, की परत सुरू. भाचा कचोऱ्या घेऊन आला तर त्याची फूफी, म्हणजे आत्या, एका परक्या बाईच्या गळ्यात पडून अश्रू ढाळत होती. तो घाबरून "क्या हुआ, क्या हुआ?" करू लागला. त्यावर तर आणखीच.

खेळ परत सुरू झाला. तो कुणी पाहिला? गिरिजानं पाहिला. बाकी तिघींनी कचोऱ्या खाल्ल्या, भाकऱ्या खाल्ल्या, तिळगुळाची गजक खाल्ली, बाळंतिणीला काय द्यावं आणि काय देऊ नये यावर वाद घातला. डिंकाच्या लाडवात मेथी असावी की नाही यावर हिंदुस्थान आणि पाकिस्तानचं जमलं नाही. चौकार गेला की तारामती ओरडायची, विकेट पडली तरी ओरडायची. मुनव्वरनं विचारलं, "तुम्हारा आउट हुआ, फिर क्यों चिल्लाई?" तर म्हणाली, "त्यो बिचारा सकाळपास्नं उन्हात हुबा हुता. बसाया मिळालं त्येला."

चहाच्या सुट्टीला खेळाडू परत आत निघाले तेव्हा तारामती नुसतीच मुनव्वरकडे बघून म्हणाली, "फिर से?" आणि मुनव्वर म्हणाली, "इनसे तो हमारे मर्द ज़्यादा काम करते हैं."

संध्याकाळ व्हायला आली. ट्रक उभे होते, हवालदार शिट्टी वाजवत होता. मुनव्वरनं पिशवीतून कागद काढला. पत्ता लिहून देते, म्हणाली, बेटी को क्या हुआ, चिट्ठी में पूछ लेना. तारामतीनं तिचा हात धरून कागद हळूच परत पिशवीत घातला. "नको, बहन. हमारे यहाँ चलता नहीं. फौजी का घर है."

मुनव्वर फौजीचीच सासू होती. तिनं मान हलवली. मग तारामतीनं उरलेली सगळी चटणी, डब्यासकट, तिच्या पिशवीत कोंबली. मुनव्वरनं हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या. तारामतीचा हात मोठा, एकही चढेना. मग त्या रत्नमालेच्या हातात गेल्या.

"बारूद ले जा रही हूँ सरहद पार," मुनव्वर पिशवी दाखवत म्हणाली. तारामतीनं दाराशी शिंकलेल्या पोलिसाची गोष्ट तिला सांगितली होती. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला, आणि पांढरी ओढणी शंभर पांढऱ्या ओढण्यांत मिसळून गेली.

त्या रात्री रत्नमाला पहिल्यांदा आपल्या क्वार्टरमध्ये एकटी झोपली, आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत उठली नाही.

सामना पुढं अनिर्णित राहिला. पलटण परतली ती धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. सर्जेराव काळे ठिक्कर पडले होते. दाढीत वाळू, कानात वाळू, ट्रान्झिस्टरमध्येही वाळू. दारात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न काय?

"तू गेली हुतीस म्हनं?"

"कुनी सांगितलं?"

"हिंदुरावाला बायकुनं पत्रात लिवलं. मी बोललो, असं कसं हुईल? आमची ही? आगं, समद्या तळावर मीच एक असा निघालो, की जल्मभर म्या ऐकलं आन बघितलं तू!" ते बुटांसकट खाटेवर बसले. "बरं, सांग. पयल्यापास्नं सांग. बॉल वळत हुता?"

"कुनीकडं?"

"आगं, फिरकी! स्पिन!"

"फिरत हुता की. समदी त्येच्या मागंच फिरत हुती."

"खेळपट्टी कशी हुती?"

"सारवल्यागत."

सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. गिरिजा त्यांना सगळं सांगायला धावली, धावा, षटकं, कोण कसा बाद झाला. त्यांनी तासभर ऐकलं. पण त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा बायकोकडे जात होतं. रात्री ताटावर बसल्यावर तिनं त्यांना मुनव्वरची गोष्ट सांगितली, पत्ता घेतला नाही हेही सांगितलं. सर्जेरावांनी घास खाली ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले. त्यांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं. मग म्हणाले, "आमची बॅटरी दुसऱ्या दिशी दुपारीच संपली. मी सेल उन्हात ठिवले, दातानं चावले, काय उपेग झाला न्हाई. तिकडच्या कुनाची चालू असंल तर बरं."

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "चल, दाखव मला."

गिरिजाला घेऊन तिघं गेली, तर स्टेडियम रिकामं होतं. दारावरचा पहारेकरी म्हातारा माजी सैनिक निघाला, शेखावाटीकडचा. सर्जेरावांनी आपली पलटण सांगितली, त्यानं आपली सांगितली, दोघांनी टाचा जुळवल्या, आणि कुलूप उघडलं. तारामती वर गेली आणि बरोब्बर त्या बाकावर जाऊन बसली. "हितं मी. हितं ती. हितं रत्नी."

सर्जेराव वर आलेच नाहीत. ते सीमारेषेपाशी उभे राहिले. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी गवतावर पाऊल टाकलं. हळू, देवळात जावं तसं. मधोमध गेले. खाली वाकून मातीला हात लावला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आणि मग तो चाळीस वर्षांचा सुभेदार वीस पावलं मागं गेला, बाही वर सारली, धावत धावत आला आणि रिकाम्या हातानं चेंडू टाकला.

"मारला!" तारामती वरून ओरडली. रिकाम्या मैदानात तिचा आवाज चारी बाजूंनी परत आला.

"कुनी मारला? समोर कुनीच न्हाई!"

"थांबा, मी येते!"

पायऱ्या उतरून ती खाली आली, चपला फेकल्या, पदर कमरेला खोचला, आणि गिरिजाची उन्हाची छत्री हातात घेऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिली. सर्जेराव परत धावत आले. चेंडू नव्हता, स्टम्प नव्हते. तारामतीनं छत्री अशी फिरवली की ती उघडलीच.

"चौका!" गिरिजा ओरडली.

"पळ आई, पळ!" तिनंच हसत पुढं जोडलं.

"चौक्याला पळायचं नसतं गं!" सर्जेराव ओरडले. पण तारामती निघाली होती. उघड्या छत्रीसकट, दोन्ही हातांनी निऱ्या धरून, या टोकाहून त्या टोकाला, आणि परत. म्हातारा पहारेकरी दारात उभा राहून बोटं मोजत होता. "एक... दो... तीन..." सर्जेराव मधोमध मातीत बसले होते आणि पोट धरून हसत होते.